पान्याने फुटला की पान्याने फोडला? : इंग्रजीतलं बाय, विथ, इन आणि ऑन

एसटीत असाल, हॉस्टेलवर असाल, नाहीतर कांद्याला पाणी देत बसला असाल, हेडफोन नीट लावा. आजचा विषय व्याकरणाचा आहे, पण पळून जाऊ नका. कारण याच व्याकरणापायी माझ्या हातून एका पोराची नोकरी जाता जाता राहिली.

काही वर्षांपूर्वी मी आपल्या नगर जिल्ह्यातल्या एका कारखान्यात ट्रेनी होतो. शिफ्ट संपली की इंग्रजीत रिपोर्ट लिहायचा. एका रात्री रॅकवरचा पाना घसरला, थेट सेन्सरवर पडला आणि सेन्सर फुटला. कोणाचा हातसुद्धा लागला नव्हता. शाळेत पाठ केलं होतं, हत्यार आलं की विथ. म्हणून मी लिहिलं, 'द सेन्सर वॉज ब्रोकन विथ अ स्पॅनर.'

सकाळी साहेबांचा फोन. साहेब महाराष्ट्राबाहेरचे. पहिलाच प्रश्न, "कोणी फोडला?" मी म्हणालो, "सर, कोणी नाही." ते म्हणाले, "मग तू असं का लिहिलंस?" तोपर्यंत रात्रपाळीच्या हेल्परला ऑफिसबाहेर उभं केलेलं होतं. कंत्राटी पोरगा, वय जेमतेम वीस. मी धावत जाऊन सगळं सांगितलं, रॅक दाखवला, तेव्हा कुठे प्रकरण मिटलं. पण त्याचा तो उतरलेला चेहरा अजून आठवतो.

चूक कुठे झाली? मराठीत आपण दोन वेगळी वाक्यं बोलतो. 'पान्याने सेन्सर फुटला' आणि 'पान्याने सेन्सर फोडला'. दोन्हीकडे 'पान्याने'च आहे. फरक क्रियापदात आहे. फुटला म्हणजे आपोआप झालं, फोडला म्हणजे करणारा कोणीतरी आहे. इंग्रजीत 'ब्रेक' हे एकच क्रियापद दोन्हीकडे चालतं. मग हा फरक सांगायचं काम तिथे त्या छोट्या शब्दावर येतं. 'ब्रोकन बाय अ स्पॅनर' म्हटलं की पाना हेच कारण. 'ब्रोकन विथ अ स्पॅनर' म्हटलं की पाना कोणाच्या तरी हातात होता. मी एका शब्दात एक आरोपी उभा केला होता!

आता शाळेतली तृतीया आठवा. ने, ए, शी. या 'ने'वर आपण केवढं ओझं टाकतो बघा. 'मजुराने कोयत्याने ऊस तोडला.' एकाच वाक्यात दोन 'ने'. पहिला करणाऱ्याचा, दुसरा हत्याराचा. आपण गोंधळत नाही, कारण कोयता स्वतःहून उसाच्या फडात जात नाही हे आपल्याला माहीत आहे. इंग्रजीत हेच उलटवून सांगायचं तर 'द केन वॉज कट बाय द वर्कर विथ अ सिकल.' करणारा बाय, हत्यार विथ.

म्हणजे 'आय कट द अनियन बाय नाइफ' असं तोंडून निघालं तर लाजू नका. तुमचं मराठी पक्कं आहे, म्हणून ते झालं. फक्त 'ने' आला की एक क्षण थांबा आणि विचारा, हा कुठला 'ने'?

हातात धरायची वस्तू असेल तर विथ. विथ अ नाइफ, विथ अ पेन. मनातली भावना असेल तरी बहुतेक वेळा विथ. आनंदाने म्हणजे विथ प्लेझर, काळजीने म्हणजे विथ केअर.

प्रवासाचं किंवा निरोपाचं साधन असेल तर बाय. तारकपूर स्टँडवरून राहुरीला बसने गेलो, बाय बस. फोनने कळवलं, बाय फोन. पण इथे एक खुबी आहे. हा बाय एकट्या शब्दाबरोबर राहतो. मध्ये 'माय' किंवा 'द' आला की तो निघून जातो. बाय बाइक बरोबर, पण माझ्या बाइकने म्हणजे ऑन माय बाइक. बाय कार बरोबर, पण इन माय कार. आणि शिर्डीला पायी गेलात तर ऑन फूट.

आता सोपा भाग. मराठीत शेवटी 'त' आला की इंग्रजीत बऱ्याचदा इन येतो. मराठीत म्हणजे इन मराठी. हळू आवाजात म्हणजे इन अ लो व्हॉइस. घाईत म्हणजे इन अ हरी.

'करून'ने पद्धत सांगायची असेल तर बाय आणि पुढे आयएनजी. सराव करून शिकलो, बाय प्रॅक्टिसिंग. आणि 'न विचारता' असेल तर विदाउट आस्किंग.

आपल्या गावचंच उदाहरण घ्या. नगरच्या भुईकोट किल्ल्यात पंडित नेहरू १९४२ ते १९४५ कैदेत होते. १९४४ मध्ये, एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत, त्यांनी तिथेच 'द डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. हाताने लिहिलेली हजारेक पानं! आता हे इंग्रजीत सांगा. इंग्रजीत लिहिलं, इन इंग्लिश. हाताने लिहिलं, बाय हँड. पण 'स्वतःच्या हाताने' म्हणायचं असेल तर? मध्ये 'हिज' आला, बाय गेला. विथ हिज ओन हँड.

आणि मराठीचं व्याकरण १८३६ मध्ये छापणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर? तेही पुढे नगरला डेप्युटी कलेक्टर होते. म्हणजे व्याकरण हा आपल्या गावाला परका विषय नाही बरं का!

शेवटी एक सांगतो. रिपोर्ट असो, ईमेल असो, शंका आली तर वाक्यच सरळ करा. मी त्या रात्री 'अ स्पॅनर फेल ऑन द सेन्सर अँड ब्रोक इट' एवढं लिहिलं असतं, तर त्या पोराला ऑफिसबाहेर उभं राहावं लागलं नसतं. पाना पडला. संपला विषय.

आजचा गृहपाठ. दिवसभरात तुमच्या तोंडून निघालेले पाच 'ने' टिपून ठेवा. प्रत्येकापुढे लिहा, करणारा, हत्यार, वाहन की भावना. मग इंग्रजी करा. मोठ्याने बोलून बघा. चुकलं तर चुकलं, पुढच्या भागात दुरुस्त करू. भेटू!