व्यायामाच्या विद्येस शिष्यवृत्ति

शिष्यवृत्ति हा शब्द कानीं पडला कीं संस्कृत, गणित, कायदा अशा विषयांचें स्मरण होतें. जोर, बैठका, मल्लखांब किंवा कुदळ यांच्याशीं या शब्दाचें कांहीं नातें असेल, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. आखाड्यांतल्या पैलवानास फेटा मिळावा, कडें मिळावें, फार तर गदा मिळावी, हें सर्वांस मान्य आहे. परंतु तो पैलवान दम कसा धरतो, श्रम करतांना त्याचें हृदय किती वेगानें चालतें, श्रम थांबल्यावर श्वास किती वेळानें ठिकाणावर येतो, याचा वर्षानुवर्षें अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याच्या पोटापाण्याची व्यवस्था कोणीं करावी? हा प्रश्न पुष्कळांस अजून प्रश्नच वाटत नाहीं. तो किती खरा आहे हें पाहावयाचें असेल, तर श्रोत्यांनीं क्षणभर वर्ध्याजवळच्या पवनार गांवाकडे दृष्टि वळवावी.

वर्ध्याहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, धाम नदीच्या कांठीं हें गांव वसलें आहे. १९३८ सालच्या मार्च महिन्यांत विनोबा भावे येथें राहावयास आले, ते प्रकृति ढांसळली म्हणून. वजन अवघें ८८ पौंड, म्हणजे सुमारें ४० किलोग्रॅम, उरलें होतें. नदीपलीकडे जमनालाल बजाज यांचा एक बंगला होता. तेथें त्यांनीं मुक्काम केला. कामाचा आणि चिंतेचा सर्व भार मनांतून उतरवून ठेवण्याचा त्यांचा निश्चय होता. औषधाच्या बाटल्या दूर राहिल्या आणि हातीं आलें तें खणण्याचें हत्यार. शेतांत रोज खणावयाचें, असा क्रम सुरू झाला. आरंभ अगदी थोड्या वेळाचा. मग दिवसामागून दिवस तो वेळ वाढत गेला. खणतांनाहि सलग झपाटा नाहीं. थोडें खणावें, क्षणभर थांबावें, पुन्हा खणावें, अशी रीत होती. सुमारें दहा महिन्यांत वजन १२८ पौंडांवर, म्हणजे ५८ किलोग्रॅमच्या घरांत गेलें. याच भूमींत खणतां खणतां भरत-राम भेटीचें प्राचीन शिल्पहि हातीं लागलें, आणि लोकांस तेंच अधिक स्मरतें. चाळीस पौंड वजनाची गोष्ट मागें पडली!

व्यायामशास्त्राच्या दृष्टीनें मात्र ही गोष्ट शिल्पाइतकीच मोलाची आहे. श्रम एकदम न वाढवितां पायरीपायरीनें वाढवावे, आणि श्रमांच्या मध्यें लहान लहान विश्रांति घ्यावी, हीं या शास्त्राचीं दोन मूलभूत सूत्रें होत. पवनारच्या शेतांत तीं दोन्ही, पुस्तकाचा आधार न घेतां, पाळलीं गेलीं. परंतु वाढलेलें वजन स्नायूंचें किती, चरबीचें किती? तें खणण्यानें वाढलें, आहारानें वाढलें, कीं मन निश्चिंत झाल्यानें? नाडीचे ठोके पहिल्या आठवड्यांत किती आणि दहाव्या महिन्यांत किती? यांपैकीं एकाहि प्रश्नाचें उत्तर वजनाच्या कांट्यावरून निघत नाहीं. एका माणसाचा अनुभव कितीहि उज्ज्वल असला तरी शास्त्र त्यास पुरावा मानीत नाहीं. तो केवळ प्रश्न उत्पन्न करतो. उत्तर शोधावयास मोजणारा लागतो, आणि मोजणाऱ्यास वेळ व वेतन लागतें.

हें मोजमाप कसें होतें तें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. इंग्लंडांतील शरीरशास्त्रज्ञ डग्लस यांनीं १९११ सालीं एक साधी पिशवी प्रचारांत आणली. श्रम करणाऱ्याच्या नाकास चिमटा लावावयाचा, तोंडांत नळी द्यावयाची, आणि बाहेर पडणारा सर्व उच्छ्वास पाठीवरच्या पिशवींत सांठवावयाचा. पुढें त्या हवेचें पृथक्करण केलें कीं शरीरानें किती प्राणवायु खर्च केला हें समजतें. आणि एक लिटर प्राणवायूमागें सुमारें पांच किलोकॅलरी शक्ति खर्ची पडते, या हिशेबानें कुदळीच्या घावांची किंमत आंकड्यांत मांडतां येते. आज पिशवीच्या जागीं छातीवर बांधावयाचें छोटें विद्युत्‌यंत्र आलें आहे. तत्त्व तेंच, किंमत मात्र अनेक लक्षांची.

अशा कामाचा सन्मान जगानें केलाच नाहीं असें नाहीं. स्नायूंत उष्णता कशी उत्पन्न होते याच्या शोधाबद्दल इंग्लंडच्या ए. व्ही. हिल यांस जर्मनीच्या ओटो मायरहोफ यांजबरोबर १९२२ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. हेच हिल १९४३-४४ मध्यें हिंदुस्थानांत आले होते. सरकारास येथील शास्त्रीय संशोधनाच्या व्यवस्थेविषयीं सल्ला हवा होता, आणि त्यांनीं तो दिला. पवनारची कुदळ त्यांच्या कानांवर जाण्याचा योग मात्र कोठून येणार!

याहून बोधप्रद उदाहरण जेरी मॉरिस यांचें आहे. लंडनच्या दुमजली बसगाड्यांत चालक दिवसभर बसून असतो आणि वाहक दिवसभर जिने चढतो-उतरतो. दोघांचें खाणेंपिणें व राहणी बहुतेक सारखी, परंतु हृदयविकाराचें प्रमाण चालकांत अधिक, हें मॉरिस यांनीं १९५३ सालीं दाखवून दिलें. पुढें आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें क्रीडाविज्ञानाचें पारितोषिक ठेवलें, तेव्हां १९९६ सालीं पहिला मान मॉरिस आणि अमेरिकेचे राल्फ पॅफेनबर्गर यांस विभागून मिळाला. पॅफेनबर्गर यांनींहि गोदींत ओझीं वाहणाऱ्या हमालांच्या हृदयाचा अभ्यास केला होता. सर्वांत मोठ्या क्रीडामहोत्सवाच्या समितीनें आपलें शास्त्रीय पारितोषिक प्रथम दिलें तें तिकिटें फाडणाऱ्याचे व ओझीं उचलणाऱ्याचे श्रम मोजणाऱ्यांस, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

महाराष्ट्रानें या क्षेत्रांत उशीर केला असेंहि म्हणतां येत नाहीं. जगन्नाथ गणेश गुणे नांवाच्या विद्यार्थ्यास १९०३ सालीं मॅट्रिकच्या परीक्षेंत जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति मिळाली, ती अर्थात् संस्कृतासाठीं. पुढें बडोद्यास प्रोफेसर माणिकराव यांच्या हाताखालीं त्यांनीं व्यायामविद्या आत्मसात केली, आणि स्वामी कुवलयानंद या नांवानें १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें. योगक्रियांच्या वेळीं पोटांत काय घडतें हें त्यांनीं क्ष-किरणांनीं व दाबमापकानें तपासलें. नौलीच्या वेळीं आंतड्यांत अंशतः निर्वात स्थिति निर्माण होते असें त्यांस आढळलें, आणि तिला त्यांनीं आपले गुरु माधवदास यांचें नांव दिलें. संस्कृताची शिष्यवृत्ति मिळविणाऱ्याच्या हातून व्यायामशास्त्राची एवढी सेवा घडली. शिष्यवृत्ति व्यायामशास्त्राचीच असती तर आणखी किती हात या कामास लागले असते, याचा अंदाज ज्यानें त्यानें करावा. विदर्भांत अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं लावलेलें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें रोपटें १९३६ सालीं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करण्यापर्यंत वाढलें, आणि आज तेथें शारीरिक शिक्षणाचें महाविद्यालय चालतें.

आतां आजची स्थिति. खेळाडूस १९६१ पासून अर्जुन पुरस्कार आहे, गुरूस १९८५ पासून द्रोणाचार्य आहे. त्यांच्या नांवांवरून एक विनोद सुचतो: अर्जुन आहे, द्रोण आहे, परंतु धनुष्याचा ताण मोजणाऱ्यासाठीं त्या पंक्तींत पान मांडलेलें नाहीं. तथापि दारें अगदींच बंद नाहींत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पात्रता परीक्षेंत शारीरिक शिक्षण हा विषय आहे, २०१७ पासून योग हाहि आहे. तींत वरच्या गुणांनीं उत्तीर्ण होणाऱ्यास कनिष्ठ संशोधनवृत्ति मिळते. १ जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम पहिलीं दोन वर्षें दरमहा ३७,००० रुपये, पुढें ४२,००० रुपये अशी आहे. ही रक्कम लहान नव्हे. खेड्यांतल्या मुलामुलींस ती घर सांभाळून संशोधन करूं देते. उणें आहे तें निराळेंच. ही वृत्ति माणसास पोसते, यंत्रास नाहीं. तिच्यासोबत किरकोळ खर्चासाठीं जी जोड असते, तींतून प्राणवायु मोजण्याचें यंत्र येत नाहीं. मग विद्यार्थी काय करतो? घड्याळ, टेप आणि प्रश्नावली यांवर भागेल असा विषय निवडतो. पन्नास यार्डांची धांव आणि उंच उडी यांच्या तक्त्यांनीं भरलेल्या प्रबंधांचें मूळ पुष्कळदां आळसांत नसून या दारिद्र्यांत असतें.

दुसरें दार वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठीं आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनें १९७९ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांस दोन महिन्यांची अल्पकालीन संशोधनवृत्ति ठेवली आहे. सेवाग्रामचें महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालय १९६९ पासून चालू आहे, आणि तेथून पवनार थोड्याच अंतरावर आहे. यंत्र महाविद्यालयाचें, वृत्ति परिषदेची, आणि शेत पवनारचें, असा मेळ बसणें अशक्य नाहीं. कापूस वेचणारी, निंदण करणारी बाई दिवसभरांत किती शक्ति खर्च करते आणि तिच्या पोटांत किती अन्न जातें, या दोन आंकड्यांची वजाबाकी दोन महिन्यांत करतां येण्याजोगी आहे. कृषि विद्यापीठांतून या दिशेनें कांहीं मोजमापें झालीं आहेत, तीं मोलाचीं आहेत. परंतु व्यायामशास्त्राचा विद्यार्थी अजून बहुधा मैदानाच्या कुंपणाआंतच वावरतो.

एक व्यावहारिक अडचण मात्र आधींच सांगून ठेविली पाहिजे. तोंडावर नळी बांधून खुरपें चालविणाऱ्या बाईचें त्या दिवसाचें काम अर्ध्यावर येणार. तिनें संमति दिली तरी मुकादम पूर्ण मजुरी देईलच असें नाहीं. तेव्हां विद्यार्थ्याच्या अर्जांत यंत्र, प्रवास आणि कागद यांच्या रकान्यांखालीं त्या बाईच्या बुडालेल्या मजुरीचाहि एक रकाना असला पाहिजे, आणि वृत्ति देणाऱ्यांनीं तो अर्ज हातीं आल्यावर प्रथम तोच वाचावा.