संतोष म्हणजे लाचारी नव्हे
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



समितीने आम्हाला विषय दिला आहे, 'जे आहे त्यात समाधान'. विषय ऐकायला गोड आहे, पण आपल्या समाजासमोर मांडायला अवघड आहे. कारण हाच उपदेश आपल्या वाडवडिलांना पिढ्यान्‌पिढ्या करण्यात आला. गावकुसाबाहेर राहा, मेलेले ढोर ओढा, शिळेपाके खा, आणि मिळाले त्यात समाधान माना! असा उपदेश करणाऱ्यांच्या घरची कोठी मात्र धानाने भरलेली असायची. तेव्हा समाधानाची गोष्ट निघाली की आपण आधी एक प्रश्न विचारला पाहिजे. हे सांगतो कोण, आणि कुणाच्या फायद्यासाठी?

परमपूज्य बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि दिली. त्यानंतर दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबरला, ते आपल्या चांद्याला आले आणि इथेही त्यांनी दीक्षा दिली. त्या वेळी चंद्रपूरला चांदाच म्हणत. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो 1982 साली, म्हणजे आज दोन जिल्ह्यांत विभागलेला हा सारा जंगलपट्टा तेव्हा एकच होता. त्या दिवशी दीक्षाभूमीवर उभे राहिलेले लोक 'आहे ते बरे आहे' म्हणून घरी बसले असते, तर आज हे विहारही नसते आणि आपणही इथे ताठ मानेने बसलो नसतो.

मग तथागतांनी संतोषाची थोरवी का सांगितली? आपण परित्राणपाठात मंगलसुत्त म्हणतो, त्यात संतुष्टी हे एक मंगल सांगितले आहे. धम्मपदाच्या सुखवग्गात तर संतोषाला सर्वांत मोठे धन म्हटले आहे. ही शंका बाबासाहेबांनाही ठाऊक होती. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी तिचे निरसन केले आहे. त्यांच्या सांगण्याचा मतितार्थ असा की, संतोष म्हणजे परिस्थितीपुढे मान तुकवणे नव्हे. बुद्धाने गरिबीचे गोडवे गायिले नाहीत. दुःख सोसत बसा असे न सांगता त्याने वीर्य, म्हणजे नेटाने प्रयत्न करणे शिकवले. ज्या लोभाला अंतच नाही, त्याने आपल्यावर स्वार होऊ नये, एवढाच संतोषाचा अर्थ.

त्याच सुखवग्गात, संतोषाच्या गाथेच्या अगदी आधी, भूक हा सर्वांत वाईट रोग सांगितला आहे. अट्ठकथेत तिची गोष्ट आहे. आळवी गावात एक गरीब शेतकरी होता. भगवान येणार म्हणून त्याला धम्म ऐकायचा होता, पण त्याच दिवशी त्याचा बैल हरवला. बैल शोधता शोधता बराच वेळ गेला. उपाशीपोटीच तो धापा टाकत आला. भगवान त्याच्यासाठी थांबून राहिले होते. त्यांनी आधी त्याला जेवू घालायला लावले आणि मग उपदेश केला. बैल हरवणे म्हणजे काय असते, हे रोवण्याच्या दिवसांत बैल गमावलेल्या माणसाला विचारा! उपाशी माणसाला समाधानाचे प्रवचन द्यायचे नसते, हे तथागतांनी स्वतः करून दाखवले. म्हणून तेंदूपत्त्याची मजुरी कमी पडली, रोजगार हमीचे पैसे अडकले, तर तिथे समाधान मानायचे नाही. तिथे हक्क मागायचा.

मग समाधान कुठे मानायचे? जिथे पोट भरले आहे, पण मन भरत नाही, तिथे.

याचे फार सुंदर उदाहरण विनयपिटकात आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला राग आला. एवढ्या चीवरांचे हा भिक्खू करणार काय, दुकान मांडणार काय? त्याने जाऊन विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे फाटली आहेत त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांचे? त्यांची अंथरुणावर घालायची पांघरणे करू. ती जुनी झाली की गादीच्या खोळी, मग जमिनीवरची अंथरणे, मग पायपुसणी, मग धूळ झटकायचे फडके. आणि तेही फाटले की त्याचे तुकडे मातीत कालवून जमीन सारवू. राजा इतका खूश झाला की त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

आमच्या मायबहिणींना ही गोष्ट नवीन वाटणार नाही. जुन्या लुगड्याची गोधडी, गोधडीचे पोतेरे, हे शास्त्र त्या पाळतच आल्या. यात कंजुषी नाही. वस्तूमागे कुणाचे तरी कष्ट आहेत, याची ती जाण आहे.

आता आपल्या घरांकडे पाहू. अनाथपिंडिकाला भगवंतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली. कष्टाने आणि सरळ मार्गाने मिळवल्याचे सुख, ते स्वतः भोगण्याचे व त्यातून दान करण्याचे सुख, कुणाचे कर्ज नसण्याचे सुख आणि आचरण निर्दोष असण्याचे सुख. भिक्खूंना नव्हे, तुमच्या-आमच्यासारख्या घरदारवाल्यांना हे सांगितले आहे. त्यातले तिसरे सुख, कर्ज नसण्याचे, आज आपल्या वस्तीतून उठून चालले आहे. आठवड्याचा हप्ता भरायला दुसऱ्या गटाचे कर्ज, ते फेडायला तिसऱ्याचे. आजारपण आले, पोरांची फी आली म्हणून कर्ज घ्यावे लागले, तर त्यात लाज नाही. पण लग्नाचे काय? आपला विवाहविधी किती साधा! त्रिशरण, पंचशील, पुष्पहार, आशीर्वाद. तास-अर्ध्या तासात आटोपतो. विधीला खर्च नाही, खर्च आहे तो बस्त्याला, मंडपाला, डीजेला. शेजाऱ्याने चारशे पाने उठवली म्हणून आपण सहाशे उठवतो आणि मग पाच वर्षे तोंड लपवून फिरतो.

कोलियांच्या दीघजाणूला भगवंतांनी सांगितले होते की, मिळकत थोडी आणि राहणी थाटाची असेल, तर लोक त्याला उंबरे खाणारा म्हणतात. उंबराचे झाड गदागदा हलवायचे, चार फळे खायची, बाकीची मातीत. आणि मिळकत मोठी असून जो स्वतः उपाशीपोटी राहतो, तोही चुकतोच. दोन्ही टोके नकोत. सिगालोवाद सुत्तात तर हिशोबच दिला आहे. कमाईचे चार भाग करा. एक भाग खा-प्या, दोन भाग कामधंद्यात घाला, एक भाग अडीअडचणीसाठी ठेवा.

जंगलातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. आपल्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) गाव पाहा. गोंड आदिवासींचे लहानसे गाव. ते मिळेल त्यावर गप्प बसले नाही. अभ्यास गट केले, सर्वांच्या संमतीने निर्णय घ्यायची रीत घातली आणि 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला. जंगल हाती आले म्हणून त्यांनी ते ओरबाडून विकले काय? नाही. किती घ्यायचे, कसे घ्यायचे, हे ग्रामसभा बसून ठरवते. हक्कासाठी झगडले आणि हक्क मिळाल्यावर हाताला आवर घातला. त्यांचा धर्म वेगळा असेल, पण आम्हाला यात वीर्य आणि संतोष दोन्ही एकत्र दिसतात.

शेवटी एक गोष्ट, विशेषतः विद्यार्थ्यांसाठी. अंगुत्तर निकायात तथागत सांगतात की, कुशल गोष्टींच्या बाबतीत आपण कधी संतुष्ट राहिलो नाही आणि प्रयत्न कधी सोडला नाही, म्हणूनच बोधी मिळाली. म्हणजे कपड्यात समाधान माना, मोबाईलमध्ये माना, मानपानात माना. अभ्यासात मानू नका. पास झालो, पुरे झाले, असे म्हणू नका. शीलात आणि मैत्रीत तर मुळीच मानू नका.

आज या वर्धापनदिनी आपण एवढेच ठरवू या. घरी गेल्यावर नवरा-बायकोने मिळून एका कागदावर घराचे कर्ज लिहावे आणि त्यातले पोटासाठी किती, दिखाव्यासाठी किती, ते समोरासमोर पाहावे. पुढच्या लग्नसराईत वस्तीतल्या दोन-चार घरांनी जरी साधे लग्न केले आणि वाचलेले पैसे पोरीच्या शिक्षणाला लावले, तरी आजचे बोलणे वाया गेले नाही, असे आम्ही समजू.

जयभीम! नमो बुद्धाय!