साक्षीदाराचा जबाब



आपल्या प्रार्थनासभेत 'कोणाला साक्ष द्यायची आहे का?' असं विचारलं की दोन-चार हात वर होतात. कोणाचा ताप उतरलेला असतो, कोणाच्या मुलाला नोकरी लागलेली असते, कोणाचं रखडलेलं घर पुरं झालेलं असतं. मी या साक्षींना हसत नाही. माझ्या मॅट्रिकच्या निकालानंतर माझ्या आईनं अशीच साक्ष दिली होती, आणि मी मागच्या बाकावर मान खाली घालून बसलो होतो. कारण गणितात मी काठावर पास झालो होतो आणि त्यात देवाचा हात किती, तपासणाऱ्याची दया किती, याची मला शंका होती. पण एवढं खरं की 'साक्ष' हा शब्द आपण फार सोपा करून टाकला आहे.

ग्रीक भाषेत साक्षीदाराला 'मार्तुस' म्हणतात. कोर्टात उभं राहून पाहिलेलं सांगणारा, एवढाच त्याचा मूळ अर्थ. पहिल्या शतकांत ख्रिस्ती माणसाचं हे सांगणं जिवावर बेतू लागलं, आणि त्या साध्या, कचेरीतल्या शब्दाला रक्ताचा रंग चढला. अरबीतल्या 'शहीद'चं मूळही साक्षीतच आहे. सावरकरांनी मराठीला त्यासाठी 'हुतात्मा' हा शब्द दिला. देखणा शब्द, पण त्यात यज्ञ आला, आहुती आली आणि साक्षीदार मात्र बाहेर राहिला. कॅथलिक मंडळी 'रक्तसाक्षी' म्हणतात. १५९७ साली नागासाकीला क्रुसावर मारल्या गेलेल्या वसईच्या गोन्सालो गार्सियाला आपण त्याच शब्दानं ओळखतो. त्या जोडशब्दातल्या रक्ताविषयी खूप बोललं गेलं आहे, तसबिरी निघाल्या आहेत. मला आज दुसऱ्या अर्ध्या शब्दाविषयी बोलायचं आहे: ती माणसं काय बोलली, आणि ते कोणी लिहून ठेवलं. लेखकांच्या मेळाव्यात एवढं स्वातंत्र्य घ्यायला हरकत नसावी.

यासाठी मी तुम्हाला एकाच प्रांतात नेतो. रोमन आफ्रिका, म्हणजे आजचा ट्युनिशिया आणि त्याला लागून असलेला अल्जीरिया.

१७ जुलै १८०. कार्थेज शहरात प्रांताधिकारी सॅटर्निनस याच्यासमोर स्किली गावचे बारा जण उभे आहेत, सात पुरुष आणि पाच स्त्रिया. या सुनावणीची नोंद आपल्यापर्यंत आली आहे, आणि नक्की तारीख असलेला ख्रिस्ती लॅटिन मजकूर यापेक्षा जुना सापडलेला नाही. जरा थांबून विचार करा. लॅटिन ही पुढे हजार वर्षं चर्चची भाषा झाली. तिची सुरुवात स्तोत्रानं झाली नाही, प्रवचनानं झाली नाही, कोर्टातल्या प्रश्नोत्तरांनी झाली. मजकूर जेमतेम दोन पानांचा. अधिकारी दुष्ट वाटत नाही. कंटाळलेला, जरा समजूतदारच वाटतो. विचार करायला तीस दिवसांची मुदत देऊ करतो. ते घेत नाहीत. मध्येच त्याची नजर त्यांच्याजवळच्या पेटीकडे जाते आणि तो विचारतो, यात काय आहे? स्पेरातस नावाचा त्यांच्यातला म्होरक्या सांगतो, पुस्तकं आहेत, आणि पौल नावाच्या एका नीतिमान माणसाची पत्रं.

मरणाच्या दारी निघालेल्या खेडवळ माणसांनी सोबत पुस्तकांची पेटी घेतली होती. इतिहासकार या पेटीवर बायबलच्या लॅटिन भाषांतराच्या अंगानं पुष्कळ लिहितात. मी मात्र दरवेळी त्या पेटीच्या वजनाचा विचार करतो. कोणी उचलून आणली असेल ती?

तेवीस वर्षांनी त्याच शहरात विबिया पर्पेतुआ तुरुंगात होती. वय सुमारे बावीस, चांगल्या घरची, शिकलेली, अंगावर पिणारं मूल. अटक झाली तेव्हा तिचा बाप्तिस्माही झालेला नव्हता, तो पहाऱ्यात असताना झाला. तिनं तुरुंगात रोजनिशी लिहिली. ख्रिस्ती स्त्रीनं स्वतः लिहिलेलं, टिकून राहिलेलं बहुधा सर्वांत जुनं लिखाण तेच. आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चं कौतुक करताना आपण म्हणतो की धर्म बदलण्याची गोष्ट त्यांनी स्वयंपाकघरातून सांगितली. पर्पेतुआची जातकुळी तीच. ती सिद्धांत मांडत नाही. अंधार किती होता, कोंडलेल्या माणसांमुळे उकाडा किती होता, शिपाई पैसे कसे उकळत होते, आणि मूल भुकेनं कसं मलूल पडलं होतं, हे लिहिते. तेर्तियस आणि पोम्पोनियस या दोन सेवकांनी, म्हणजे डीकनांनी, पैसे चारून कैद्यांना काही तास बऱ्या जागी हलवलं, तेव्हा तिला मुलाला पाजता आलं. हो, लाच दिली. मंडळीच्या सेवकांनी तुरुंगातल्या पहारेकऱ्यांना लाच दिली, आणि तिनं ती न लपवता लिहून ठेवली. पुढं मूल जवळ ठेवायची परवानगी मिळाली तेव्हा तो तुरुंग तिला राजवाड्यासारखा वाटू लागला.

सर्वांत कठीण प्रसंग श्वापदांचे नाहीत, बापाचे आहेत. म्हातारा पुन्हा पुन्हा येतो. पांढऱ्या केसांची शपथ घालतो, तिचे हात चुंबतो, पायांवर पडतो, मुलीला मुलगी न म्हणता बाईसाहेब म्हणतो. सुनावणीच्या वेळी मूल हातात घेऊन पुढं होतो. हिलारियानस हा अधिकारी त्याला हटवायला लावतो आणि छडीचे फटके मारवतो. पर्पेतुआ लिहिते की ते फटके जणू तिलाच बसले. धर्मासाठी घर सोडणाऱ्याच्या कथेत घरच्यांना खलनायक करणं फार सोपं असतं. आपल्या मराठी धर्मांतरकथांतही ते पुष्कळदा झालं आहे. पर्पेतुआनं ते केलं नाही. बापाचं तिच्यावरचं प्रेम खरं आहे आणि त्याचं म्हणणं ती मान्य करू शकत नाही, या दोन्ही गोष्टी तिनं एकाच पानावर राहू दिल्या. शिक्षा झाल्यावर बापानं मूल परत दिलं नाही. तेव्हा ती नोंद करते की मुलानं पुन्हा दूध मागितलं नाही आणि तिच्या छातीलाही दुधाचा त्रास झाला नाही. एवढंच. यावर मी जास्त बोलणार नाही. इथं बसलेल्या आयांना ते माझ्यापेक्षा जास्त कळतं.

तिच्याबरोबर फेलिसितास नावाची दासी होती, आठ महिन्यांची गरोदर. गरोदर स्त्रीला मारायला रोमन कायद्याची मनाई होती, त्यामुळे आपण मागे राहू आणि पुढं परक्या गुन्हेगारांबरोबर मरू, याचं तिला दुःख होतं. ती तुरुंगातच बाळंत झाली. कळांनी ओरडत असताना एक पहारेकरी म्हणाला, आत्ताच ही गत तर श्वापदांपुढं काय करशील? तिनं उत्तर दिलं की आत्ताचं माझं मी सोसते आहे, तेव्हा माझ्या आत दुसरा कोणी सोसणारा असेल. मुलगी झाली, ती एका ख्रिस्ती बहिणीनं वाढवली. ७ मार्च २०३ रोजी, सम्राटपुत्र गेटाच्या वाढदिवसाच्या खेळांत, चांगल्या घरची बाई आणि दासी एकाच रिंगणात शेजारी शेजारी उभ्या होत्या. त्या समाजात त्या एरवी एका पंक्तीला बसल्या नसत्या.

आता जरा न आवडणाऱ्या भागाकडे. २५० साली सम्राट डेसियसचा हुकूम निघाला: प्रत्येकानं देवांना बळी अर्पण करायचा आणि तसा दाखला घ्यायचा. असे दाखले इजिप्तच्या वाळूत पपायरसवर चाळीसहून अधिक सापडले आहेत. नाव, गाव, अर्पण केल्याची ग्वाही, साक्षीदारांच्या सह्या. अगदी आपल्या तहसील कचेरीतल्या कागदासारखे. कार्थेजमध्ये काय झालं? माणसं रांगा लावून गेली. बिशप सिप्रियन खंतावून लिहितो की संध्याकाळ झाली म्हणून अधिकारी उद्या या म्हणत होते, तर काही जण आजच उरकून घ्या म्हणून गळ घालत होते. काहींनी बळी दिला नाही, पैसे देऊन नुसता दाखला घेतला. सिप्रियन स्वतः लपून बसला होता, त्याबद्दल त्याला बोलणी खावी लागली.

वादळ ओसरल्यावर प्रश्न उभा राहिला, या लोकांचं काय करायचं? रोममध्ये नोव्हेशियन नावाचा धर्मगुरू म्हणाला, दार बंद. कार्थेजच्या धर्मसभेनं २५१ साली माणसामाणसांत फरक केला. ज्यांनी नुसता दाखला घेतला त्यांची विचारपूस करून त्यांना आत घ्यायचं ठरलं. प्रत्यक्ष बळी देणाऱ्यांना पश्चात्तापाचा लांब रस्ता दिला, आणि पुढं नव्या छळाची चाहूल लागली तेव्हा पश्चात्ताप करणाऱ्या सगळ्यांनाच आत घेतलं. लढाईला निघालेल्यांना उपाशी कसं पाठवायचं, असा तो विचार होता. याच सिप्रियनला १४ सप्टेंबर २५८ रोजी तलवारीनं मारलं, आणि मरताना त्यानं मारणाऱ्याला पंचवीस सोन्याची नाणी द्यायला सांगितली.

दाखल्याची ही गोष्ट महाराष्ट्रात बसून ऐकताना मला अस्वस्थ व्हायला होतं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती ख्रिस्ती झालेल्या दलितांना नाकारल्या. मग घराघरांत दोन नावं आली: एक चर्चच्या रजिस्टरमध्ये, एक शाळेच्या दाखल्यावर. आपल्यातलेच काही जण या माणसांकडे बोट दाखवतात, यांचा विश्वास कच्चा म्हणतात. बोट दाखवणारे बहुतेक वेळा असे असतात ज्यांना दाखल्याची गरज कधी पडलीच नाही. भुकेल्याला पोटच्या मुलाची फी भरायची असते. मी डेसियस आणि आजचं सरकार यांची तुलना करत नाही. माझं म्हणणं एवढंच की उपदेशाला उभं राहण्यापूर्वी सिप्रियनची पत्रं वाचावीत.

आणखी एक कागद दाखवतो आणि आवरतं घेतो. ३०३ साली सम्राट डायोक्लेशियननं शास्त्रग्रंथ जाळायचा हुकूम काढला. १९ मे रोजी किर्ता शहरात, आजच्या अल्जीरियातल्या कॉन्स्टंटीनमध्ये, नगराधिकारी प्रार्थनाघरात आला. सोबतच्या कारकुनानं सगळी यादी लिहिली: सोन्याचे दोन चषक, चांदीचे सहा, दिवे, आणि मग स्त्रियांचे ८२ अंगरखे, ३८ ओढण्या, पुरुषांचे १६ अंगरखे, पुरुषांच्या चपलांचे १३ जोड, स्त्रियांच्या चपलांचे ४७ जोड. गोरगरिबांना वाटायचे कपडे असावेत ते. ग्रंथालयाची कपाटं रिकामी निघाली. बिशप पौल बसून राहिला; त्यानं सांगितलं, पुस्तकं वाचकांकडे, म्हणजे उपासनेत शास्त्र वाचून दाखवणाऱ्यांकडे, आहेत. कातुलिनस आणि मार्कुक्लियस या दोघा उपसेवकांना वाचकांची नावं विचारली. ते म्हणाले, आम्ही दगा देणारे नव्हे. आम्ही इथं आहोत, आम्हालाच मारा. नावं दुसऱ्यांनी सांगितली. मग घरोघर फिरून पुस्तकं गोळा झाली, कोणाकडून चार, कोणाकडून आठ. एका घरी नवरा नव्हता, त्याच्या बायकोनं सहा आणून दिली.

ही लाजिरवाणी नोंद टिकली कशी? ३२० साली चर्चच्याच भांडणात ती कोर्टात वाचली गेली. ग्रंथ हवाली करणाऱ्यांना 'त्रादितोर' म्हणत, आणि त्यांच्या हातचे संस्कार खरे की खोटे यावर आफ्रिकेतली मंडळी शतकभर दुभंगली. रक्तसाक्षींची आठवण काठीसारखी वापरली गेली. पुढं सत्ता हाती आल्यावर आपणही हिलारियानसच्या खुर्चीत बसलो; १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशनच्या नावानं काय झालं ते मराठी आणि कोंकणी ख्रिस्ती लेखकाला विसरता येत नाही, विसरूही नये. त्याचबरोबर हेही लक्षात ठेवू या की स्मर्नाच्या वृद्ध बिशप पॉलिकार्पच्या मरणाची हकीकत सांगणाऱ्या पत्रात क्विंतस नावाच्या एकाचा किस्सा इशाऱ्यादाखल मुद्दाम घातला आहे: तो आपणहून पुढं गेला, श्वापदं पाहून कचरला आणि नमला. आणि पॉलिकार्प? अटक करायला आलेल्यांसाठी त्यानं आधी जेवण वाढायला सांगितलं आणि मग प्रार्थनेला एक तास मागितला.

आज विश्वासाला कसली प्रेरणा, असं तरुण मला विचारतात. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याच आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, लिबियात, एकवीस मजूर मारले गेले, वीस इजिप्तचे कॉप्टिक ख्रिस्ती आणि एक घानाचा. त्यांतल्या दोघांच्या भावानं दूरदर्शनवर मारेकऱ्यांचे आभार मानले, कारण त्यांनी चित्रफितीतला आवाज कापला नव्हता. भाऊ शेवटी काय म्हणाले ते ऐकू येत होतं. कॉप्टिक चर्च आपलं पंचांग डायोक्लेशियनच्या राज्यारोहणापासून, २८४ पासून मोजतं, आणि त्याला रक्तसाक्षींचा शक म्हणतं. त्या मजुरांच्या घरी रोजच्या तारखेतच ती आठवण होती.

आपल्यापैकी बहुतेकांवर ती वेळ येणार नाही, आणि ती येवो अशी प्रार्थना कोणी करू नये. पण पेटी उचलणं, कैद्याच्या मुलापर्यंत दूध पोचवणं, दुसऱ्याचं नाव न सांगणं, फेलिसितासची मुलगी वाढवणं, हे सगळं त्याच हकिकतींत आहे आणि त्यातलं बरंचसं मेल्याशिवाय करता येतं. बाकी उरतं लिहिणं. खेळाच्या आदल्या दिवशी पर्पेतुआनं रोजनिशी थांबवली. उद्या रिंगणात काय होईल ते ज्याला लिहायचं असेल त्यानं लिहावं, अशा अर्थाचं वाक्य तिनं शेवटी टाकलं. दुसऱ्या हातानं ते लिहिलं गेलं. तो हात कोणाचा होता, हे अठराशे वर्षांनंतरही कोणाला ठाऊक नाही.