मैत्रीतला व्यवहार आणि घामाचा हिशेब



मी कामगार चळवळीतला माणूस. शाळा सातवीत सुटली. पुढचे वाचन युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने करविले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा माझ्याकडून नसावी. आजचा विषयही घरगुतीच आहे. दोन मित्र मिळून एखादे जुने घर घेतात, दुरुस्त करतात आणि विकतात. आणि या सगळ्याचा करार चहाच्या टपरीवर तोंडी होतो. त्याविषयी मला बोलावयाचे आहे.

मालकाशी वेतनकरार करताना ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ पडला तर रात्र जागविणारा आमचा कामगार मित्राशी मात्र लाखांचा व्यवहार करताना म्हणतो, ‘अरे, आपल्यात कागद कशाला?’ जणू कागद म्हणजे अविश्वासच. माझे मत असे की, कागद लागतो तो स्मरणासाठी. वर्षापूर्वी काय बोलणे झाले, हे दोन प्रामाणिक माणसांनाही दोन प्रकारे आठवते.

एक प्रकरण सांगतो. नावे सांगत नाही. एक फिटर, एक गवंडी, लहानपणापासूनचे मित्र. फिटरला स्वेच्छानिवृत्तीचे पैसे मिळाले. २०२२ साली सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्याने माडीचे कौलारू घर घेतले. मुद्रांक-नोंदणीसह १९ लाख पडले. वाशांना वाळवी, भिंतींना ओल, माडीचा जिना एका बाजूला कललेला. दुरुस्तीच्या सामानाला आणि बाहेरच्या मजुरीला आणखी ५ लाख लागले, तेही फिटरचेच. गवंड्याने हात दिले. गिलावा, फरशी, कौले शाकारणे, सारे त्याने केले. बाहेरची कामे सोडून केले. ठरले होते एवढेच : ‘विकल्यावर निम्मे-निम्मे.’

घर विकायला एकंदर चौदा महिने गेले. विक्रीचा खर्च आणि कर वजा जाता हाती ३२ लाख आले. घातलेले २४ लाख बाजूला काढले, ८ लाख उरले. आता निम्मे कशाचे?

फिटर म्हणाला, ‘माझे २४ लाख चौदा महिने अडकले. दहा टक्क्यांनी व्याज २ लाख ८० हजार. ते आधी काढा, मग निम्मे करा.’ म्हणजे गवंड्याला २ लाख ६० हजार. गवंडी म्हणाला, ‘मी १८० दिवस राबलो. नऊशे रुपये रोजाने १ लाख ६२ हजार माझी मजुरी. ती आधी द्या, मग निम्मे करा.’ म्हणजे त्याला ४ लाख ८१ हजार. दोघांत २ लाख २१ हजारांचे अंतर. आणि गंमत अशी की दोघांपैकी लबाड कोणीच नव्हता. दोघांच्या बायकांनी एकमेकींकडे हळदीकुंकवाला जाणे मात्र बंद केले होते.

पंच म्हणून मी बसलो. मी विचारले, १८० दिवसांना आधार काय? फिटर म्हणाला, फार तर १२० असतील. फिटरच्या रुपयाला पासबुक होते, सिमेंटच्या पावत्या होत्या. गवंड्याच्या घामाला काहीच नव्हते. कारखान्याच्या दारात हजेरीचे कार्ड लागले नाही तर जो आरडाओरडा करतो, त्याने मित्राच्या घरी सहा महिन्यांत एक दिवसही हजेरी मांडली नव्हती. तोंडी करारात पैसा आठवतो आणि श्रम विसरले जातात, हे मी फार ठिकाणी पाहिले आहे.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? १८७२ चा कराराचा कायदा तोंडी कराराला मना करीत नाही; अडचण असते ती पुराव्याची. एकाच व्यवहारापुरतीही भागीदारी होऊ शकते, असे १९३२ चा भागीदारीचा कायदा म्हणतो. त्याचे तेरावे कलम वाचून आमचे दोघेही गप्प झाले. निराळे काही ठरलेले नसेल तर काम पाहणाऱ्या भागीदाराला मेहनताना नाही, भांडवलाला व्याज नाही, आणि नफा सारखा. तोटाही सारखाच! घर पडत्या भावात गेले असते तर गवंड्याला सहा महिने राबून वर पदरचे भरावे लागले असते. ‘निम्मे’ म्हणताना हे त्याच्या स्वप्नातही नव्हते. शिवाय घर फिटरच्या नावावर. शंभर रुपयांवरच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या दस्ताशिवाय होत नाही, हे १८८२ पासून चालत आले आहे. तेव्हा ‘अर्धे घर माझे’ हे बोलणे टपरीवरच राहते.

शेवटी आम्ही दिवस १५० धरले, व्याज आणि मजुरी दोन्ही आधी काढली आणि उरलेले निम्मे केले. गवंड्याला ३ लाख साडेसत्तावीस हजार मिळाले. त्याचे तीस दिवस हवेत विरले ते विरलेच.

म्हणून माझे सांगणे एवढेच की, पहिली कुदळ पडण्याआधी दोघांनी एक पान लिहावे. पैसा कोणाचा, त्याला व्याज आहे की नाही. हातांचा रोज किती. खर्च वाढला तर कोण घालणार. घर वर्षभर विकले गेले नाही, किंवा तोटा झाला, तर काय. त्यावर दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. रक्कम मोठी असेल तर वकिलाकडून रीतसर दस्त करावा. त्याची फी भांडणाच्या खर्चाहून कमीच पडते. आणि एक शंभरपानी वही घरातच खुंटीला टांगावी. दर शनिवारी त्या आठवड्याचे दिवस आणि पावत्या तीत मांडाव्या, दोघांनी सही करावी. पाच मिनिटांचे काम आहे.

एक कलम लोक अशुभ म्हणून टाळतात, ते मी आग्रहाने लिहवून घेतो : दोघांपैकी एकजण गेला तर काय? भागीदार वारला की, दुसरे काही ठरलेले नसल्यास, भागीदारी तिथे संपते. मग टपरीवरचा तो शब्द ऐकलेला एकच माणूस मागे उरतो. आणि गेलेल्याची बायको त्याच्या दारात हिशेब मागायला उभी राहते, तेव्हा तिच्या हातात वही असावी.