वाचा गेली, कान शाबूत
(जामसांवली येथे आरोग्यसेवकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



येथील पहुडलेल्या हनुमंताच्या दर्शनास दुरून लोक येतात. ‘बाहेरची बाधा’ झाली असे समजून आप्तेष्ट आपल्या माणसाला येथे आणतात. त्या श्रद्धेविषयी मला काही म्हणावयाचे नाही. मला बोलावयाचे आहे ते एका विशिष्ट रुग्णाविषयी. सकाळी नीट बोलणारा गृहस्थ दुपारी अकस्मात निरर्थक बडबडू लागतो. हातपाय मात्र धडधाकट असतात. घरच्यांना ही बाधा वाटावी यात नवल नाही. परंतु हा पक्षाघात, म्हणजे आपला लकवाच, असू शकतो.

मेंदूतील कामांची वाटणी मोठी विलक्षण आहे. हालचालींचे मार्ग मेंदूच्या देठाशी बाजू बदलतात. म्हणून डाव्या मेंदूस इजा झाली की उजवा हात लुळा पडतो. श्रवणाचे तसे नाही. प्रत्येक कानाचा निरोप दोन्ही बाजूंस पोचतो. त्यामुळे एका बाजूच्या आघाताने माणूस सहसा बहिरा होत नाही. भाषा मात्र बहुतेकांच्या डाव्या मेंदूतच नांदते. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी ज्या रुग्णाचा मेंदू तपासला, त्याला बोललेले बरेचसे समजे, पण तोंडून ‘टान’ एवढेच निघे. बिघाड डाव्या मेंदूच्या पुढील भागात सापडला. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी निराळा प्रकार वर्णिला. त्यात बिघाड डाव्या कानाच्या वर, मागील बाजूस असतो. शब्द ओघाने येतात, अर्थ लागत नाही. ऐकू येऊनही दुसऱ्याचे बोलणे उमगत नाही. हालचालींचा पट्टा बाधित न झाल्यास हात शाबूत राहतो. आपला गृहस्थ तो हाच.

या स्थानी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्याला मुलाचे नाव घेता येत नाही, असा रुग्णही कधीकधी पाठ असलेली आरती सुरात म्हणून जातो. पाठांतर आणि सूर यांना उजव्या मेंदूचीही साथ असते. घरची मंडळी ‘वाचा परत आली’ म्हणून निर्धास्त होतात आणि मोलाचा वेळ निघून जातो. रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, तेही सी. टी. स्कॅन करून, रक्तस्राव नाही अशी खात्री झाल्यावर. तेव्हा १०८ क्रमांकास फोन करावा आणि रुग्ण शेवटचा नीट केव्हा दिसला, ती वेळ लिहून घ्यावी. तोवर पाणी, तीर्थ, गोळी काहीही तोंडात घालू नये. गिळण्याची हालचालही बिघडलेली असू शकते.

पुढे वाचोपचार सुरू होतात. आपल्याकडे घरी मराठी, बाजारात हिंदी. आघातानंतर बहुधा दोन्ही अडखळतात. रुग्णाशी घरच्या भाषेत, लहान वाक्यांत, खुणा करीत बोलावे, उत्तरास अवधी द्यावा. कानाशी ओरडू नये. तो बहिरा झालेला नसतो.