फुले आणि निवृत्तिवेतन
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



सातारा तालुक्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावचे 46 जवान कामी आले, तेही देशाला गुलाम ठेवणाऱ्या साम्राज्यासाठी. गावात त्यांचे स्मारक आहे आणि गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा चिकटला आहे. शाळेची सहल न्यावी असेच हे ठिकाण. मुलांनी माजी सैनिकांचा सत्कार करावा, हे योग्यच आहे. समाजवाद्यांनी त्याकडे पाहून नाक मुरडण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, फुले आणि घोषणा देऊन मुले परततात तेव्हा त्यांच्या वहीत काय उतरलेले असते?

सैनिक बहुधा अपुऱ्या शेतातून उठून जातो. जमिनीचे तुकडे पडत गेले तसे साताऱ्याच्या तरुणापुढे पोटासाठी दोन वाटा उरल्या: मुंबईची गिरणी, नाहीतर पलटण. दोन्हींकडून येणाऱ्या मनिऑर्डरींवर घरे उभी राहिली. शौर्य खरेच, पण त्यामागची गरजही तितकीच खरी. 1982 च्या संपानंतर गिरणीची वाट बंद होत गेली. पलटणीची तेवढी राहिली.

जवान पंधरा-सतरा वर्षे नोकरी करून चाळिशीच्या आत घरी येतो आणि त्याला आयुष्यभर निवृत्तिवेतन मिळते. ते सरकारचे औदार्य नव्हे, केलेल्या श्रमाचा हक्क होय. सर्वोच्च न्यायालयानेही 1982 साली नकारा खटल्यात निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नसल्याचे स्पष्ट केले. तरीही ‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’ या मागणीसाठी 2015 साली वृद्ध माजी सैनिकांना दिल्लीत जंतरमंतरवर ठाण मांडावे लागले, तेव्हा कुठे नोव्हेंबरात आदेश निघाला.

आणि जून 2022 मध्ये ‘अग्निपथ’ योजना जाहीर झाली. नोकरी चार वर्षांची. त्यानंतर चारांपैकी फार तर एकाला कायम करावयाचे. इतरांच्या हाती सुमारे 11 लाख 71 हजार रुपये, आणि त्या निधीतील निम्मा वाटा जवानाच्याच पगारातून कापलेला! योजनेत त्यांना निवृत्तिवेतन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणजे तीच बंदूक, तीच सीमा, तोच धोका. पण घरी परतणारा तरुण ‘माजी सैनिक’ म्हणून गणला जाणार नाही. उद्याची सहल मग सत्कार कोणाचा करणार?

कार्यकर्त्यांत शिक्षक पुष्कळ आहेत. त्यांनी सहल अवश्य न्यावी. मात्र सत्कार आटोपल्यावर मुलांना त्या वृद्ध जवानाच्या ओसरीवर बसवावे. त्यांनी विचारावे: शेत किती होते? भरती कोणत्या वयात झाली? परतल्यावर काम मिळाले का? शेजारच्या वीरपत्नीचे घर कशावर चालते? ही उत्तरे वहीत उतरली, तर पुढे नागरिक झाल्यावर ती मुले सैनिकाच्या हक्कासाठी उभी राहतील. त्याच्या वाट्याला केवळ फुले येऊ नयेत, हे पाहणे हाच त्याचा खरा सत्कार.