पहिल्या तासाचा सोबती



गोंदिया जिल्ह्यांतील सौंदड हें गांव आपणांपैकीं पुष्कळांनीं प्रवासांत ओझरतें पाहिलें असेल. नागपुराहून रायपुराकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग येथूनच जातो, आणि गोंदियाहून बल्लारशाहकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील स्टेशनही येथें आहे. सभोंवार धानाच्या बांध्या, पलीकडे जंगल. महामार्गावरील अपघात, रोवणीच्या दिवसांतील सर्पदंश आणि मध्यरात्रीं अडलेली बाळंतीण, हीं तिन्ही संकटें अशा गांवांना नवीं नाहींत. त्या घटकेस मोठें रुग्णालय दूर असतें. जवळ असतो तो प्रथम धांवून येणारा मनुष्य. त्याच्याविषयींच आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

त्याला परावैद्यक म्हणतात. तो डॉक्टर नव्हे. आणि केवळ गाडी हांकणाराही नव्हे. वाहतें रक्त थांबविणें, श्वासाची वाट मोकळी करणें, मोडलेलें हाड स्थिर ठेवणें आणि रुग्णास योग्य त्याच ठिकाणीं नेणें, हें त्याचें शास्त्र. सर्पदंश झालेल्या अंगाला दोरी आवळूं नये, तें अंग न हलवितां रुग्णालय गांठावें, हें शेताच्या बांधावर शांतपणें सांगणारा तोच. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ मधील दुरुस्तीनें अपघातानंतरच्या पहिल्या तासाचें महत्त्व मान्य केलें, आणि सद्भावनेनें मदत करणाऱ्यास संरक्षणही दिलें.

आपल्या राज्यांत १०८ क्रमांकाची सेवा २०१४ सालीं सुरू झाली, तेव्हां तिच्यांत ९३७ गाड्या होत्या, आणि गाडींत डॉक्टर ठेवण्याची पद्धत स्वीकारली गेली. गाड्या आल्या, हें उत्तमच झालें. परंतु गाडी म्हणजे सेवा नव्हे. जो धंदा स्वतःचा अभ्यासक्रम ठरवीत नाहीं, स्वतःच्या चुका मोजीत नाहीं, त्याला समाजांत मान मिळत नाहीं, आणि मान नसेल तर हुशार तरुण त्यांत टिकत नाहीं.

ब्रिटनमधील परावैद्यकांनीं २००१ सालीं आपली संघटना स्थापिली. अशा संघटनेचें काम केवळ पगारवाढ मागण्याचें नसतें. धंद्याची पातळी राखणें आणि संशोधनास उत्तेजन देणें हेंही तिचें कर्तव्य होय. हृदय बंद पडलेल्या रुग्णास ॲड्रेनालीन टोचण्याची चाल तेथें अनेक दशकें होती. तिची परीक्षा घेण्यासाठीं रुग्णवाहिकांतील परावैद्यकांनीं ८,०१४ रुग्णांवर प्रयोग केला. त्यास सार्वजनिक निधींतून पैसा मिळाला. २०१८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तीस दिवसांनंतर औषध मिळालेल्यांपैकीं शेंकडा ३.२ जिवंत होते, न मिळालेल्यांपैकीं २.४, परंतु मेंदू शाबूत राहून जगणाऱ्यांच्या संख्येंत निश्चित फरक आढळला नाहीं. केवळ परंपरेवर विसंबून राहिल्यानें हें सत्य कधींच कळलें नसतें.

असें संशोधन परदेशांतच होतें असें मात्र समजूं नका. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनें ३९ गांवांतील साध्या स्त्रियांना नवजात बालकांची घरींच शुश्रूषा करण्याचें शिक्षण दिलें. तुलनेसाठीं घेतलेल्या गांवांच्या मानानें तेथील नवजातांचे मृत्यु शेंकडा ६२ नें घटल्याचें १९९९ सालीं 'लॅन्सेट' पत्रांत प्रसिद्ध झालें. पुढें २०११ मध्यें केंद्र सरकारनें हीच वाट आशा सेविकांकरवीं देशभर चालविली. खेड्यांतील माहिती जपून नोंदली, तर ती देशाचें धोरण बदलूं शकते, हा त्याचा धडा होय.

२०२१ मध्यें संसदेनें आरोग्यसेवेंतील संलग्न व्यवसायांसंबंधीं कायदा केला. त्याच्या परिशिष्टांत परावैद्यकाचें नांव आहे, आणि नोंदवहीची तरतूदही आहे. कायद्यानें नांव दिलें; त्याला अर्थ देणें आपल्या हातीं आहे. परावैद्यकांनीं एकत्र यावें. गोंदियास २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा विद्यालयांनीं त्यांना अभ्यासाचे सोबती मानावें. आणि सरकारनें गाड्यांवर खर्च करतांना त्यांतील लहानसा अंश संशोधनासाठीं निराळा काढावा. पावसाळ्यांत हाक गेल्यापासून गाडी बांधापर्यंत पोंचण्यास किती वेळ लागतो, आणि वाटेंत कोणत्या उपचारानें जीव वांचतो, एवढें जरी नीट मोजलें तरी पुष्कळ झालें.

सौंदडच्या रस्त्यावर पडलेल्या जखमी माणसाला संघटना, संशोधन, निधी हे शब्द ठाऊक नसतील. पण त्याच्या छातीवर ठेवलेला हात शिकलेला आहे कीं नाहीं, हें याच तीन शब्दांवर अवलंबून आहे.